कोळंबीखालचा आवाज

राजसबाई मद्रासच्या पश्चिम मांबळममध्ये राहतात, भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर. वर्षानुवर्षं दर शुक्रवारी सकाळी त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून एक ठाय लयीतली पुटपुट जिन्यात उतरायची. खालच्या मजल्यावरच्या अन्नपूर्णाबाईंची खात्री होती की बाई देवीची सहस्र नावं घेतात. गच्चीवर कपडे वाळत घालायला जाताना त्या बादली खाली ठेवून तिथं थांबायच्या, डोळे मिटायच्या आणि मग वर जायच्या. मी त्यांना कधीच सांगितलं नाही की ती नावं देवीची नव्हेत, लंकेतल्या माणसांची आहेत, आणि घेण्यामागं भक्ती नाही, चांगला मुरलेला सूड आहे. फुकटात पुण्य मिळतंय असं एखादीला वाटत असेल तर आपण मध्ये का पडावं?

मी या प्रकरणात पहिल्यापासून होतो. माझं नाव गुंडोराव. सरकारी रेडिओच्या समुद्रपार सेवेत यंत्रं सांभाळण्यात माझी सगळी नोकरी गेली, आणि यंत्रं सांभाळणाऱ्यासमोर माणसं काय वाटेल ते बोलतात, त्यामुळे माझ्याकडे माल भरपूर आहे.

ही समुद्रपार सेवा म्हणजे अजब चीज होती. मद्रासमध्ये बसून बोलायची आणि मद्रासलाच ऐकू यायची नाही. तिच्या तारा गावाबाहेरच्या मैदानात समुद्राकडे तोंड करून ताणलेल्या. आवाज इथून उडायचा तो आकाशाला आपटून लंकेत, मलायात, ब्रह्मदेशात उतरायचा. महायुद्धात शत्रूच्या रेडिओला उत्तर द्यायला म्हणून सरकारनं समुद्रापलीकडे बोलायला सुरुवात केली. युद्ध संपलं, शत्रूचे मित्र झाले, पण सरकारला एकदा बोलायची सवय लागली की ती सुटते थोडीच. मग चहाच्या मळ्यांत आणि रबराच्या बागांत गेलेल्या आपल्या माणसांसाठी बोलणं चालू राहिलं. बातम्या असायच्या, नाटकं असायची, गाणं असायचं, आणि बंदरांवर, धरणांवर, खतांवर अशी भाषणं असायची की ऐकणाऱ्यानं मायदेश सोडल्याबद्दल देवाचे आभार मानावेत.

तिथले निवेदक पलीकडच्या किनाऱ्यावर राजे होते. पिनांगहून त्यांच्या नावानं रेशमी रुमाल यायचे, जाफन्याहून ताडगुळाचे डबे. इकडे बसस्टॉपवर त्यांना कुत्रं ओळखायचं नाही, कारण शेजाऱ्यांनी त्यांचा आवाज कधी ऐकलेलाच नसायचा.

राजसबाई अशाच एक. माणूस आमच्यातलं, तंजावरच्या मराठी घरातलं. आमची मराठी पुण्याच्या माणसाला ऐकवली तर तो आधी हसतो आणि मग आपण कुठल्या शतकात येऊन पडलो म्हणून मोबाइलवर तारीख बघतो. घरात ही मराठी आणि उंबऱ्याबाहेर तमिळ, असं आमचं सगळ्यांचं. राजसबाईंचे वडील नागोजीराव गिंडीच्या एका कारखान्यात सुपरवायझर होते. लेथच्या आवाजानं त्यांचे कान अर्धे गेले होते, पण उरलेल्या अर्ध्या कानांनी ते लेकीचं सगळं ऐकायचे. सैदापेटच्या दोन खोल्यांत ती रोज त्यांना पेपर मोठ्यानं वाचून दाखवायची. तिचा आवाज तिथं तयार झाला. रेडिओच्या परीक्षेत तिनं वाचायला सुरुवात केली तेव्हा मी काचेमागं आवाजाची पातळी दाखवणाऱ्या सुईकडे बघत होतो. सुई जागची हलली नाही. ओरडत नाही आणि दबतही नाही, असा आवाज यंत्राला फार आवडतो.

शॉर्टवेव्हवर आवाज समुद्रासारखा येतो-जातो. ऐकणाऱ्याच्या हातातून एखादा शब्द निसटतोच. म्हणून आमच्याकडे रीत होती की महत्त्वाचं ते दोनदा म्हणायचं. नाव दोनदा, गाव दोनदा, निरोप दोनदा. राजसबाईंना ती रीत इतकी अंगवळणी पडली की घरीही त्या तशाच बोलू लागल्या. लग्नानंतर त्यांचे यजमान बालाजीराव, देव त्यांना सुखात ठेवो, मला सांगायचे की आमच्याकडे भांडण झालं तर मला एकाच शिवीचा मार दोनदा बसतो.

नागोजीरावांचं दुःख एकच होतं. साऱ्या लंकेनं ऐकलेली लेक बापाला ऐकू येत नव्हती. त्यांनी शॉर्टवेव्हचा रेडिओ घेतला, त्यात शिट्ट्यांखेरीज काही नाही. लेकीनं समजावलं की तारांचं तोंड समुद्राकडे असतं. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर म्हाताऱ्यानं रेडिओ खिडकीत नेऊन त्याचं तोंड समुद्राकडे करून ठेवलेलं.

आता हरिप्रसाद. हा कार्यक्रम अधिकारी. तोही तंजावरचा, तोही मराठी, पण ऑफिसात तो हे अशा बेतानं लपवायचा जसं काही ते घरातलं वेड होतं. आवाज खरंच रेशमी. त्याची दुसरी ख्याती म्हणजे कोट. मद्रासच्या मे महिन्यात तो कोट घालून माइकसमोर बसायचा. मी एकदा म्हणालो, सर, कोलंबोला कोट दिसत नाही. तो म्हणाला, पण ऐकू येतो. त्या कोटातला त्याचा फोटो वऱ्हांड्यात लावलेला होता. तो तिथं कोणी लावला हे विचारायचं कारण नव्हतं, खिळा ठोकायला स्टूल धरणारा मीच होतो.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी लंकेच्या पूर्व किनाऱ्याला वादळानं झोडपलं. तारा तुटल्या, टपाल थांबलं. इकडे ज्यांची माणसं तिकडे होती ते आमच्या फाटकाशी येऊन उभे राहू लागले. निरोप द्या, एवढंच म्हणत होते. हरिप्रसाद त्या आठवड्यात मेव्हण्याच्या लग्नाला गेला होता. केंद्राचे तेव्हाचे मोठे साहेब सज्जन. त्यांनी राजसबाईंना माइकसमोर बसवलं आणि सांगितलं, वाच.

त्यांनी अर्धा तास वाचलं. मी काचेमागं होतो. मट्टक्कळप्पूच्या सेल्लम्माला: तुझी आई बरी आहे, फक्त जेवत नाही, तू जेवलीस असं कळलं की जेवेल. कल्मुनैच्या कंदप्पाला: छप्पर गेलं असेल तर जाऊ दे, पोरांना घेऊन शाळेत जा, शाळा पक्की आहे. वाळैच्चेनैच्या मुत्तुवेलला: आपलं भांडण मिटलं समज, मी आधी बोलतो आहे. प्रत्येक निरोप दोनदा. दुसऱ्यांदा वाचताना आवाज किंचित हळू, जसं काही आता ती एकट्या त्याच माणसाशी बोलते आहे. फाटकाबाहेर उभ्या असलेल्यांना यातलं काही ऐकू येत नव्हतं, पण ते हलले नाहीत. संध्याकाळी तेच पुन्हा लावायचं म्हणून मी त्याची टेप केली होती. मोठ्या साहेबांनी डब्यावर लाल पट्टी चिकटवली. लाल पट्टी म्हणजे ही टेप पुसायची नाही.

तिकडून मग पत्रं आली, पोत्यानं. वऱ्हांड्यात कोटाच्या फोटोखाली उभं राहून लोक राजसबाईंचं कौतुक करू लागले. हरिप्रसाद लग्नाहून परतला तो या कौतुकात. तोंडानं अभिनंदन केलं. डोळ्यांनी काय केलं ते मी पाहिलं आहे.

राजसबाईंनी ठरवलं की आता बापाला ऐकवायचं. साहेबांची परवानगी घेऊन त्यांनी नागोजीरावांना केंद्रात आणलं. म्हाताऱ्यानं इस्त्रीचं धोतर, कपाळाला गंध, खांद्यावर उपरणं, अशी सगळी लग्नाची तयारी केली होती. स्पीकरला कान लागेल अशी खुर्ची मी लावून दिली. डबा उघडला. लाल पट्टी होती. टेप चढवली, सुरू केली.

हरिप्रसादचा रेशमी आवाज बोलू लागला. विषय होता कोळंबीची निर्यात. कोळंबी कशी धुवावी, कशी सोलावी, कशी बर्फात ठेवावी, आणि त्यामुळे देशाची मान परदेशात कशी उंच होते. नागोजीराव माना डोलावत बसले. आम्हा शाकाहारी तंजावरकरांच्या घरात कोळंबी कोणी पाहिलेली नसते, पण लेकीच्या ऑफिसातला आवाज म्हणून त्यांनी आदर ठेवला. बऱ्याच वेळानं ते वळून म्हणाले, “बरवं अहे. पण तू केव्हा येतेस गे?”

राजसबाईंनी यंत्र बंद केलं.

टेपची टंचाई असायची, जुनीवर नवं भरायची पद्धतच होती, हे खरं. पण लाल पट्टीला कोणी हात लावत नसे. हरिप्रसादनं घाईत चूक केली की मुद्दाम केलं, यावर कँटीनमध्ये दोन पक्ष पडले. मुद्दामवाल्या पक्षाचा पुढारी मी होतो. राजसबाई तशाच, बापाचा हात धरून, हरिप्रसादच्या खोलीत गेल्या. तो कोटाची बाही झटकत म्हणाला, “आवाज तुझा असेल, राजस. टेप सरकारची असते.”

वर त्यानं एक केलं. महिन्याभरात वरच्यांना कळवलं की या निवेदिकेच्या तमिळला मराठी वास येतो. हे त्यानं कळवलं, ज्याची आई आमच्याच गल्लीत आमच्याच मराठीत कढीपत्ता मागायला यायची. राजसबाईंना माइकवरून उठवून टेपच्या ग्रंथालयात बसवण्यात आलं. नागोजीराव त्यानंतरच्या उन्हाळ्यात गेले. लेकीचा आवाज रेडिओवर कसा येतो हे न ऐकता.

इथं गोष्ट संपली असती, तर राजसबाई ही एक बिचारी बाई झाली असती आणि मी तुमचा वेळ घेतला नसता. पण हरिप्रसादनं एक घोडचूक केली होती. ज्या बाईचा आवाज पुसला, तिलाच त्यानं पुसायच्या खात्यात बसवलं.

ग्रंथालयाचा नियम असा की ठरावीक काळानंतर टेप पुसायची आणि पुन्हा वापरायला द्यायची. राखायची असेल तर ग्रंथालयवाल्यांनी लाल पट्टी लावायची. पुसायला एक पेटीसारखं चुंबकाचं यंत्र होतं. टेप त्यावर गोल फिरवली की यंत्र गुणगुणायचं, आणि टेप कोरी. राजसबाईंनी पुसण्याचा वार शुक्रवार ठेवला. हरिप्रसाद तिकडे वर चढत होता, मोठ्या गवयांच्या मुलाखती घेत होता, नाटकांत राजे-महाराजे होत होता. आपलं मागं काय राहतं हे बघायला चढणाऱ्याला वेळ नसतो. त्याची प्रत्येक टेप मुदत भरली की ग्रंथालयात यायची, लाल पट्टीवाचून मांडणीवर बसायची, आणि शुक्रवारी यंत्रावर फिरायची. फिरवताना राजसबाई पुसल्या गेलेल्या निरोपांची उजळणी करायच्या. मट्टक्कळप्पूच्या सेल्लम्माला, मट्टक्कळप्पूच्या सेल्लम्माला. मी त्याला शुक्रवारची पूजा म्हणायचो; नोकरी संपल्यावर ती त्यांच्या स्वयंपाकघरात चालू राहिली. त्या म्हणायच्या, “थट्टा नको, गुंडोराव. नैवेद्य अजून खूप बाकी अहे.”

एक टेप मात्र त्यांनी पुसली नाही, आणि ती कोळंबीची.

खरं तर पुसायला त्यांनी पहिली तीच काढली होती. पुसण्याआधी शेवटपर्यंत ऐकावी, म्हणजे हात चांगला चालेल, असा विचार केला. कोळंबी संपली. देशाची मान उंच झाली. मग एक खट्‌ आवाज, आणि त्यामागून, एका नावाच्या मधूनच, त्यांचा स्वतःचा आवाज सुरू झाला. भाषण निरोपांपेक्षा लांबीनं कमी होतं. त्यानं सुरुवातीचा भाग खाल्ला होता, शेपूट तसंच राहिलं होतं. त्या दिवशी बापासमोर त्यांनी यंत्र बंद केलं नसतं, आणखी थोडी कोळंबी सोसली असती, तर नागोजीरावांनी लेकीला ऐकलं असतं.

हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा इतका शांत होता की मी दोन पावलं मागं सरकलो. हरिप्रसादनं माझा आवाज खाल्ला, एवढाच त्यांचा राग होता तोवर. आता त्याच्या पायी बापासमोर मीच यंत्र बंद केलं, हा दुसरा राग पहिल्यावर चढला.

ती टेप कधीतरी रद्दीत निघाली आणि त्यांच्या घरी आली. कशी, ते विचारू नका. भंगारात काढलेलं स्पूलचं यंत्र मी त्यांना आणून दिलं. त्या ती टेप वर्षातून एकदा, नागोजीरावांच्या तिथीच्या दुसऱ्या दिवशी, लावायच्या. आणि पुढं न ढकलता पहिल्यापासून लावायच्या. सगळी कोळंबी ऐकायची, मग आपला आवाज. मी विचारलं, कोळंबी कशाला? म्हणाल्या, लोणच्याला ऊन दाखवावं लागतं.

वर्षं गेली. लोकांच्या हातात मोबाइल आले, शॉर्टवेव्ह ऐकणारे कान एकेक करून मिटले, आणि समुद्रपार सेवा सरकारनं बंद केली. तारा उतरवल्या. बंद केलेल्या गोष्टीबद्दल सरकारला लगेच प्रेम वाटू लागतं. तिच्या इतिहासाचं एक दालन उघडायचं ठरलं, जुने माइक, जुने फोटो, आणि कानाला लावून ऐकायचे जुने आवाज. सल्लागार कोण? अर्थात हरिप्रसाद. वय झालेलं, पण कोटात अजून मावणारा. घशाचं ऑपरेशन होऊन त्या रेशमी आवाजाचा आता पत्र्यावर घासल्यासारखा खरखराट झाला होता. दालनासाठी उरलेल्या टेपा तपासल्या गेल्या. गवई सापडले, मंत्री सापडले, एका बोकडाच्या लिलावाचं वर्णनसुद्धा सापडलं. हरिप्रसाद सापडला नाही. एक वाक्य नाही, एक खोकला नाही. तीसेक वर्षं बोललेला माणूस, जणू तोंडच उघडलं नव्हतं.

त्याची नात अनन्या सिरुसेरीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. गोड मुलगी, आजोबांना ताता म्हणते. तिची मराठी इंग्रजी आणि तमिळच्या मधल्या फटीतून वाट काढत येते. तिनं मला फोन केला. म्हणाली, ताता रोज रडतात, त्यांना स्वतःचा आवाज ऐकायचा आहे, मला पण ऐकायचा आहे, मी लहान असताना ऑपरेशन झालं, मला त्यांचा खरा आवाज माहीतच नाही. कोणाकडे एखादी टेप असेल का?

मी असा निरोप पोचवायला एक मिनिट लावणारा माणूस नाही. तसाच जिना चढलो. राजसबाई तांदूळ निवडत होत्या. सगळं ऐकून घेतलं. “त्याला त्याचा आवाज हवा अहे,” त्या म्हणाल्या. मग तेच वाक्य दुसऱ्यांदा म्हणाल्या, किंचित हळू. मी म्हणालो, नात चांगली आहे हो. त्या म्हणाल्या, मीही चांगली नात होते, चांगली लेक होते. मग त्यांनी मला दोन कामं सांगितली. हरिप्रसादला शुक्रवारी सकाळी बोलवायचं, आणि त्याआधी रिची स्ट्रीटला जाऊन यंत्राला नवा रबरी पट्टा आणायचा, हेड, म्हणजे टेप जिथं घासून जाते ते भाग, साफ करून द्यायची. “सगळी हेड, गुंडोराव. अस्क साफ करा.” अस्क म्हणजे आमच्या मराठीत सगळं.

टेप ऐकवायला एक हेड साफ असलं की पुरतं. सगळी का, हे मी विचारलं नाही. गप्पिष्ट माणसालासुद्धा कधी गप्प बसायचं ते कळतं.

शुक्रवारी हरिप्रसाद दहाच्या आत हजर झाला. साडेदहाला राहुकाळ लागतो, त्यात तो कुठलाही उंबरा ओलांडत नाही, हे राजसबाईंना ठाऊक होतं. कोट होता. अनन्यानं त्याला धरून जिना चढवला. राजसबाईंनी कॉफी दिली, डबऱ्याच्या पसरट वाटीत, फेस आणून. नातीच्या नोकरीची चौकशी केली. त्याच्या गुडघ्यांची केली. मग गुडघ्यांवरून त्याच्या आईच्या कढीपत्त्यावर आल्या, आणि तो खरखरत हसलासुद्धा. घड्याळात साडेदहा होऊन गेले तेव्हाच त्या उठल्या आणि डबा घेऊन आल्या. लाल पट्टी फिकट होऊन गुलाबी झाली होती.

हरिप्रसादनं डबा हातात घेऊन उलटून पाहिला. त्यानं ओळखला की नाही, मला सांगता येणार नाही. “माझाच आवाज?” त्यानं विचारलं.

“तुमचाच, सर. कोळंबीचं भाषण. तुमचं उरलंय ते एवढंच,” राजसबाई म्हणाल्या. मग त्यांनी यंत्राला जुना माइक जोडला आणि पदर नीट केला. “आधी घोषणा करते. घोषणेशिवाय टेप लावायची नाही, तुम्हीच शिकवलंत.”

हे त्याला फार भावलं. खुर्चीत सावरून बसला, कॉलर नीट केली, जणू कोलंबोला दिसणार आहे. अनन्यानं मोबाइल काढून तयार ठेवला.

“गुंडोराव, बोट,” राजसबाई म्हणाल्या.

काचेमागच्या माणसानं बोट वर धरायचं, खाली केलं की निवेदकानं बोलायचं, अशी आमची खूण. मी बोट वर धरलं. दुसऱ्या हातानं यंत्राची दोन बटणं एकदम दाबली. टेप नुसती ऐकायची तर एक बटण पुरतं. दोन दाबली की यंत्रावरचा बारीक लाल दिवा लागतो. लाल दिवा म्हणजे आता टेपवर जे होतं ते जात आहे आणि जे बोललं जाईल ते येत आहे.

अनन्याला त्या दिव्याचा अर्थ कळला नाही. हरिप्रसादला कळला. मी त्याच्याकडेच बघत होतो. तोंड उघडलं, पुढं झुकला. आणि मी बोट खाली केलं.

“मट्टक्कळप्पूच्या सेल्लम्माला,” राजसबाई बोलू लागल्या. “मट्टक्कळप्पूच्या सेल्लम्माला. तुझी आई बरी आहे, फक्त जेवत नाही.” आवाज म्हातारा झाला होता, पण सुई जागची हलली नाही.

आता यातली गंमत आम्हा रेडिओवाल्यांनाच कळेल. हरिप्रसादला थांबवणं सोपं होतं. एक शब्द बोलायचा. नुसतं खोकला असता, खुर्ची ओढली असती, हात लांब करून वायर काढली असती, तरी पुरलं असतं. पण लाल दिवा लागला होता आणि माणूस माइकवर होता. लाल दिवा असताना स्टुडिओत कोणी बोलत नाही, हलत नाही, जोरात श्वास घेत नाही. आग लागली तरी वाक्य संपल्यावर सांगायचं. आयुष्यभर ज्यानं शंभर लोकांना हे शिकवलं, आणि एका तबलजीला शिंकला म्हणून घरी पाठवलं, तो म्हातारा उघडं तोंड हळूच मिटून बसला.

अनन्याला काहीतरी चुकतंय हे आता जाणवलं. “ताता, हे तुमचं...” असं ती म्हणू लागली. हरिप्रसादनं तिच्याकडे न पाहता हात वर केला आणि ओठांवर बोट ठेवलं. त्याचा शेवटचा आवाज त्याच्या डोळ्यांसमोर चाकावर फिरत पुसला जात होता, आणि तो नातीला गप्प करत होता.

राजसबाई थांबल्या नाहीत. कल्मुनैचा कंदप्पा आला. वाळैच्चेनैचा मुत्तुवेल आला, त्याचं भांडण मिटलं, दोनदा मिटलं. कागद नाही, चष्मा नाही. शुक्रवारी शुक्रवारी घोटलेलं होतं सगळं. कोळंबीची एकेक पाटी बर्फातून निघत होती आणि तिच्या जागी एकेक माणूस येऊन उभं राहत होतं. जिथून पुढं त्यांचा जुना आवाज टेपवर शिल्लक होता, त्या नावाच्या मध्याशी त्या थांबल्या आणि माझ्याकडे पाहिलं. मी यंत्र थांबवलं. लाल दिवा गेला.

तेव्हा हरिप्रसाद बोलला. “माझं होतं ते,” तो म्हणाला. खरखराट इतका की अर्धे शब्द हवेतच गेले.

“आवाज तुमचा होता,” राजसबाई म्हणाल्या. “टेप सरकारची, सर. टेप सरकारची.”

मग त्यांनी मला टेप पहिल्यापासून लावायला सांगितली. दाराकडे वळलेल्या अनन्याला त्या म्हणाल्या, बस, तुला हे ऐकायला हवं, तू पुढं हे सांगशील. आम्ही सगळ्यांनी अर्धा तास ऐकलं. म्हातारी बाई नावं घेत गेली, मध्येच खट्‌ झालं, आणि त्याच नावाच्या उरलेल्या अर्ध्यापासून एक तरुण बाई बोलू लागली. तिथून शेवटच्या निरोपापर्यंत. मला वाटलं होतं की राजसबाई रडतील. त्यांनी फडक्यानं कॉफीचे डाग पुसले. रडली ती अनन्या, पण ती आजोबांसाठी रडत होती की कंदप्पासाठी, हे तिलाही सांगता आलं नसतं.

टेप त्यांनी हरिप्रसादच्याच हातात दिली, दालनात लावायला. तो सल्लागार होता, नाही कसं म्हणणार? आणि नाही म्हणताना सांगणार काय होता?

दालन आता उघडलं आहे, जाऊन बघा. भिंतीवर कोटातला हरिप्रसाद माइकसमोर बसला आहे. फोटो मोठा करून लावला आहे, स्टूल या वेळी दुसऱ्या कोणी धरलं असेल. त्याच्याखाली कानाला लावायचं यंत्र आहे. ते लावलं की राजसबाई बोलतात. मी गेलो तेव्हा एक शाळकरी मुलगी फोटोकडे बघत ऐकत होती आणि शिक्षिकेला विचारत होती की या काकांचा आवाज असा कसा? शिक्षिकेनं तिला रांगेत पुढं ढकललं.

महिन्याभरानं अनन्या एकटी आली. राजसबाईंवर रागावलेली होती, पण राग धरून बसायचा कसा हे तिला अजून शिकायचं आहे. राजसबाई ती टेप दर वर्षी लावायच्या हे मीच तिला सांगून बसलो होतो. तिनं विचारलं, तुम्ही ते भाषण इतक्या वेळा ऐकलंत, त्यातलं थोडं तरी आठवतं का? ताता विचारतात. शब्द मिळाले तर ते स्वतः पुन्हा वाचतील, आवाज कसाही असो.

राजसबाईंनी तिला तिळाची पोळी वाढली. “नाही गे राजा,” त्या म्हणाल्या. “अस्क पुसून गेलं.”

त्या मुलीची पावलं जिन्यावरून उतरेपर्यंत त्या उभ्या राहिल्या. तो शुक्रवार होता. निरोप तर आता दालनात गेले होते, म्हणायला काही उरलं नव्हतं. त्या स्वयंपाकघरात गेल्या, समईला तेल घातलं, आणि त्याच ठाय लयीत, एकही शब्द न चुकता, बर्फाच्या तपमानासकट आणि देशाच्या उंच मानेसकट, पुटपुटू लागल्या.

बाहेर अन्नपूर्णाबाईंनी बादली खाली ठेवली, हात जोडले आणि डोळे मिटले.